शिवणाच्या डब्यातील शब्द : टाचणी, आलपीन आणि पिन मनी



बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा उघडला आणि आत खरोखरच बिस्किटे निघाली, असे आपल्या घरांत क्वचितच घडते. आत निघतात दोऱ्याची रिळे, सुया, टाचण्या, जुन्या कुर्त्याची काढून ठेवलेली बटणे, हुक, इलॅस्टिकचा तुकडा आणि गणवेशाच्या उरलेल्या कापडाची चिंधी. गेल्या महिन्यात या सदरात आपण स्वयंपाकघरातले इंग्रजी शब्द पाहिले होते. या महिन्यात हा डबा उघडू या.

इंग्रजी शब्दांची यादी दिली की मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. शब्द कुठून आला, त्याचे नातेवाईक कोण, हे सांगितले तर तो लक्षात राहतो, हा आमचा वर्गातला अनुभव आहे. आम्ही राहतो त्या नरपडहून डहाणूच्या बाजारात गेले तर एकाच दुकानात मराठी, गुजराती, वारली, हिंदी आणि उर्दू कानावर पडते. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांना आणखी एका भाषेची भीती वाटण्याचे खरे तर काही कारण नाही. डब्यातली सर्वांत लहान वस्तू हातात घेऊ आणि तिथूनच सुरुवात करू.

टाचणी आणि टाचण

मराठीत टाचणी हा शब्द टाचणे या क्रियापदावरून आला. टाचणे म्हणजे दोन गोष्टी तात्पुरत्या एकमेकींना जोडून ठेवणे. शिंपी आधी कापड टाचून घेतो आणि मग पक्की शिलाई मारतो. डहाणूच्या दुकानात गुजराती गिऱ्हाईक हीच वस्तू 'टांकणी' म्हणून मागते आणि दुकानदाराला ते लगेच कळते, कारण आपला टाका आणि त्यांचा टांको ही शेजारचीच घरे आहेत.

याच टाचणे क्रियापदाचा आणखी एक शब्द शिक्षकांच्या रोजच्या वापरातला आहे, टाचण. उद्या वर्गात काय शिकवायचे याची थोडक्यात नोंद म्हणजे पाठाचे टाचण. विचार पक्का होण्याआधी तो कागदावर तात्पुरता टाचून ठेवायचा. आज मोबाइलवर एखादा संदेश वर अडकवून ठेवला की मुले म्हणतात, 'पिन केला.' म्हणजे इंग्रजीनेही नेमके तेच केले. टाचणीवरून आपल्याकडे नोंदीचा शब्द झाला, पिनवरून त्यांच्याकडे संदेश अडकवण्याचा.

पिन मुळात लाकडाची

मुलांना नेहमी एक कोडे पडते. इंग्रजीत लाटण्याला 'रोलिंग पिन' म्हणतात. एवढे जाड लाटणे पिन कसे? त्याचे उत्तर असे, की जुन्या इंग्रजीत पिन म्हणजे खुंटी किंवा खीळ. ती लाकडाची असे. गाडीचे चाक आसातून निसटू नये म्हणून ठोकलेली खीळ म्हणजे 'लिंचपिन'. ज्या माणसावाचून सगळे काम अडते त्यालाही इंग्रजीत लिंचपिन म्हणतात, ते यामुळेच. धातूची बारीक टोकदार पिन नंतर आली आणि तिने ते जुने नाव घेतले. लाटण्याने मात्र जुना अर्थ सोडला नाही.

हा शब्द बहुधा लॅटिन भाषेतल्या 'पिन्ना' या शब्दाशी जोडलेला असावा असे मानतात. पिन्ना म्हणजे पीस किंवा टोक. लिहिण्याचे 'पेन' मात्र निश्चितपणे लॅटिनमधल्या पिसाच्याच शब्दावरून आले, कारण पूर्वी पक्ष्याच्या पिसाला टोक करून त्याने लिहीत असत.

मुलींच्या शाळेच्या गणवेशातला 'पिनाफोर' हा शब्दही पिनचाच आहे. फ्रॉक मळू नये म्हणून त्याच्या पुढच्या बाजूस पिनांनी लावायचे कापड ते पिनाफोर. 'पिन' आणि 'अफोर', म्हणजे पुढे. आता त्यात एकही पिन नसते, पण नाव राहिले.

लाकडी पिन कशी असते हे आपल्या भागातल्या मुलांना वेगळे दाखवायची गरज नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ पाहा. पानाला पान जोडताना टोचलेली ती बारीक काडी म्हणजे जगातली सर्वांत जुन्या पद्धतीची पिन. लोखंड आणि पितळ माणसाच्या हाती येण्याआधी काटा, काडी आणि माशाचे हाड हीच त्याची टाचणी होती.

सारखे दिसते ते सगळे नात्याचे नसते

इथे मुलांना एक सावधगिरी शिकवावी. ध्वनी सारखा म्हणून शब्द एका घराण्याचे ठरत नाहीत. पत्त्यावरचा 'पिन कोड' आणि टाचणीची पिन यांचा काही संबंध नाही. पत्त्यातला पिन हा 'पोस्टल इंडेक्स नंबर' या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा आहे. तो देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी करणारे होते श्रीराम भिकाजी वेलणकर. रत्नागिरी जिल्ह्यातला हा माणूस केंद्रीय दळणवळण खात्यात मोठ्या पदावर होता आणि संस्कृतचा कवीही होता. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, यांमुळे पत्रे भरकटत. सहा आकड्यांनी तो घोळ मिटवला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. म्हणून डहाणूचा पिनही ४ नेच सुरू होतो. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयाचे. बँकेच्या यंत्रात आपण टाकतो तो पिन आणखी वेगळा, तो ओळखीचा वैयक्तिक क्रमांक. तीन पिन, तीन घराणी.

याउलट काही शब्द दिसायला परके, पण रक्ताच्या नात्याचे असतात. शिवणे या अर्थी इंग्रजीत 'सो' हा शब्द आहे. त्याचा आणि आपल्या शिवणेचा पूर्वज एकच. संस्कृतमध्ये 'सीव्यति' म्हणजे शिवतो. सूत आणि सूत्र हे त्याच कुळातले मानले जातात. हजारो वर्षांपूर्वी एका भाषेच्या मुली दोन दिशांना सासरी गेल्या, एक युरोपात आणि एक आपल्याकडे. त्यांच्या लेकी आज एकमेकींना ओळखत नाहीत एवढेच.

अंगुस्तानाचेही असेच आहे. सुई बोटात घुसू नये म्हणून बोटावर घालायची धातूची टोपी म्हणजे उर्दूत अंगुश्ताना आणि मराठीत अंगुस्तान. फारसीत 'अंगुश्त' म्हणजे बोट. आपला अंगठा संस्कृत अंगुष्ठावरून आला आणि फारसी अंगुश्त हा त्या अंगुष्ठाचा भाऊ. इंग्रजीत याच टोपीला 'थिंबल' म्हणतात आणि ते नावही 'थंब' म्हणजे अंगठ्यावरून पडले. फारसी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता सुईपासून वाचवणाऱ्या वस्तूला हाताच्या बोटाचेच नाव दिले.

सुईच्या भोकाला इंग्रजीत 'आय' म्हणजे डोळा म्हणतात. उर्दूत त्याला नाका म्हणतात. मराठीत त्याला फार सुंदर शब्द आहे, नेढे. राजगडावर आणि रतनगडावर डोंगराच्या कड्याला आरपार पडलेले मोठे भोक आहे, त्यालाही नेढेच म्हणतात. कुरआनमध्ये सूरह अल-आराफच्या ४०व्या आयतीत उंट आणि सुईचे नेढे यांचा दृष्टांत आला आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो. तिथे सुईसाठी 'खियात' हा शब्द आहे. त्याच धातूपासून अरबीत दोऱ्याला 'खैत' आणि शिंप्याला 'खय्यात' म्हणतात. हा खय्यात लक्षात ठेवा. तो पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

आलपीन कुणाची?

आता डब्यातला सर्वांत प्रवासी शब्द. उर्दू बोलणाऱ्या घरांत, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या तोंडी, टाचणीला 'आलपीन' म्हणतात. मुलांना वाटते हा इंग्रजी शब्द. 'ऑल' आणि 'पिन', सगळ्या कामाला चालणारी पिन! हुशार मुलेही हेच उत्तर देतात. पण आलपीन इंग्रजी नाही. ती पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज भाषेत टाचणीला 'अल्फिनेत' अशा उच्चाराचा शब्द आहे. आपल्याकडे येताना त्यातल्या फ चा प झाला, शेवटचे अक्षर गळाले आणि आलपीन उरली.

पोर्तुगीज शब्द आपल्या किनाऱ्यावर येणे मुळीच नवलाचे नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. १५५९ मध्ये दमण त्यांच्याकडे गेले. मधला डहाणूचा पट्टाही त्यांच्या अमलाखाली आला, तो १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेईपर्यंत. दमण तर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजच होते. शिवणाच्या डब्यात त्यांच्या खुणा अजून आहेत. मापाची किंवा केसांची 'फीत' ही पोर्तुगीज. बटणाचे 'काज' हेही पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर. बटण जिथे जाऊन बसते ते बटणाचे घर. किल्ली अर्थाची चावी आणि महिन्याचा पगार हेही त्यांच्याच जहाजातून उतरले.

पण गोष्ट इथे संपत नाही. पोर्तुगिजांकडे हा शब्द आला कुठून? त्याच्या सुरुवातीचे 'अल्' पाहून आपल्या वाचकांच्या मनात शंका आलीच असेल. इसवी सन ७११ पासून अनेक शतके स्पेन आणि पोर्तुगालचा मोठा भाग मुसलमानांच्या राज्यात होता. त्या प्रदेशाला अंदलूस म्हणत. लिस्बन शहर ११४७ पर्यंत मुसलमानांकडे होते. तिथल्या अरबीत कपडा अडकवण्याच्या काट्याला किंवा काडीला 'अल्-खिलाल' म्हणत. त्याचेच पोर्तुगीज अल्फिनेत झाले.

खिलाल! हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. वुजू करताना बोटांचा खिलाल करतात, दाढीचा खिलाल करतात. जेवणानंतर दात कोरण्याच्या काडीलाही उर्दूत खिलाल म्हणतात. दोन गोष्टींच्या मधून आरपार जाणे हा त्याचा मूळ भाव. टाचणी दुसरे काय करते? तफसीरच्या काही किताबांत हजरत अबू बक्र (र.) यांनी सारी मालमत्ता अल्लाहच्या मार्गात दिल्यावर अंगावरची जाडीभरडी चादर छातीशी खिलालने अडकवली होती, अशी रिवायत आहे. इब्ने कसीर यांनी तिची सनद कमकुवत म्हटली आहे, म्हणून तिच्यावर आपण काही आधारत नाही. पण खिलाल म्हणजे कपड्याची टाचणी हा अर्थ जुन्या अरबीत होता, एवढे तिच्यावरून दिसते.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, अरबी ख चा पोर्तुगीज फ झाला हे कशावरून? विचारलेच पाहिजे. एका शब्दावरून नियम ठरत नाही. पण मघाचा खय्यात आठवा. पोर्तुगीज भाषेत शिंप्याला आजही 'अल्फायाते' म्हणतात, आणि तो सरळ सरळ अरबी 'अल्-खय्यात' आहे. सॅलडमध्ये घालतात त्या लेट्यूसच्या पानांना अरबीत 'अल्-खस' आणि पोर्तुगीजमध्ये 'अल्फास' म्हणतात. तिन्ही ठिकाणी ख गेला आणि फ आला. असा एकच बदल पुन्हा पुन्हा दिसला की मग भाषेचे अभ्यासक नाते मान्य करतात. 'ऑल पिन' हे नाते कानाने जोडलेले होते. हे पुराव्याने जोडलेले आहे.

म्हणजे अरबस्तानातला काटा अंदलूसला गेला, तिथून पोर्तुगीज जहाजात बसून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आला आणि उर्दू बोलणाऱ्या नानीच्या डब्यात जाऊन बसला. 'हा शब्द तुमचा, तो आमचा' असे जेव्हा मोठी माणसे भांडतात, तेव्हा मुलांच्या हातात एक आलपीन द्यावी. ती कुणाची ते त्यांना ठरवू द्यावे. त्याच डब्यातले अस्तर फारसी, रफू फारसी, रेशीम फारसी, मखमल अरबी, सुई संस्कृत, काज पोर्तुगीज, हुक इंग्रजी. सगळे मिळून कपडा मात्र एकच शिवतात.

सेफ्टी कशाची?

डब्यातली सेफ्टी पिन अमेरिकेतली. वॉल्टर हंट नावाच्या कारागिराने १० एप्रिल १८४९ रोजी तिचे पेटंट घेतले. पंधरा डॉलरचे देणे फेडायचे होते म्हणून तारेशी खेळता खेळता त्याला ती सुचली आणि चारशे डॉलरला त्याने तिचा हक्क विकून टाकला, असे सांगतात. टोक टोपीच्या आत बंद होते म्हणून ती 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित.

या शब्दावर आमच्या लेकींसाठी थोडे थांबावेसे वाटते. ओढणी किंवा हिजाब बांधताना दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून मुली टाचणी ओठांत धरतात. तेवढ्यात कुणी हाक मारली, हसू आले, खोकला आला, की टाचणी श्वासाबरोबर आत जाते. श्वासनळीत गेलेली टाचणी दुर्बिणीने काढावी लागते, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. ज्या ज्या देशांत हिजाब वापरला जातो तिथल्या डॉक्टरांनी अशा घटना लिहून ठेवल्या आहेत आणि त्यांत किशोरवयीन मुलीच अधिक असतात. उपाय अगदी सोपा आहे. टाचण्या मनगटावरच्या छोट्या उशीला किंवा चुंबकाला लावून ठेवाव्यात, नाहीतर टोक बंद होणारी पिन वापरावी. तोंड हे टाचणीचे घर नव्हे. आणि कधी गिळली किंवा श्वासात गेलीच, तर केळे खाऊ घालणे, पाठीत थापट्या मारणे असले प्रयोग न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे, मुलीला बरे वाटत असले तरी.

वाक्प्रचारातल्या पिना

वर्ग शांत झाला की शिक्षक म्हणतात, 'पिन ड्रॉप सायलेन्स.' टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. पाय अवघडून बधिर झाला की इंग्रज म्हणतो, 'पिन्स अँड नीडल्स'. आपण म्हणतो, मुंग्या आल्या. इथे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले आणि 'पायात टाचण्या आणि सुया आल्या' असे लिहिले, तर परीक्षक गुण कापतोच, आणि तो बरोबर असतो. अनुभव एकच, पण त्यांना सुया आठवल्या, आपल्याला मुंग्या. एखादी जागा नेमकी दाखवणे म्हणजे 'पिनपॉइंट', टाचणीच्या टोकाएवढे अचूक.

आता राहिला एक वाक्प्रचार, आणि आजचे सगळे सदर त्याच्यासाठीच आहे. 'पिन मनी'.

पिन मनी

शब्दकोशात त्याचा अर्थ मिळतो, किरकोळ खर्चाचे पैसे. मराठीत हातखर्च, वरखर्च. उर्दूत जेबखर्च. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून हा शब्द नवऱ्याने बायकोला कपडे आणि किरकोळ वस्तूंसाठी द्यायच्या ठरावीक रकमेसाठी वापरला जात होता. तिला असे पैसे का द्यावे लागत? कारण तिथल्या जुन्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची कमाई आणि तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. तिने कमावलेला पैसा तिचा स्वतःचा आहे, हे इंग्लंडच्या कायद्याने १८७० मध्ये मान्य केले आणि मालमत्तेचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने दिला. तोपर्यंत टाचणीसाठीही हात पसरावा लागे. पिन मनी या गोड शब्दाच्या मागे एवढी कडू गोष्ट आहे. पुढे बाईने घरी बसून चार पैसे कमावले तरी त्या कमाईलाही लोक पिन मनीच म्हणू लागले. म्हणजे किरकोळ, नगण्य.

आपल्याकडे तो शब्द कुणी वापरत नाही. पण तो भाव? दर जून महिन्यात शाळेत प्रवेशाचे अर्ज भरले जातात. त्यात एक रकाना असतो, आईचा व्यवसाय. आम्ही विचारतो, 'अम्मी काय करते?' मूल सांगते, 'काही नाही, घरीच असते.' अब्बाही तेच सांगतात. आणि त्या मुलाच्या अंगावरचा गणवेश त्या अम्मीने शिवलेला असतो. मोहल्ल्यातल्या आणखी कितीतरी मुलांचे गणवेश तिच्याच मशीनवर झालेले असतात. ईदच्या आधीचा महिनाभर रात्री बारापर्यंत तिच्या खिडकीतला दिवा जळत असतो. थेट तिलाच विचारले तर तीही मान खाली घालून म्हणते, 'थोडंफार शिवते, टीचर. वरखर्चाचं निघतं.'

थोडेफार! अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाची सुरुवात टाचणीच्या कारखान्याने केली. एक टाचणी बनवायला अठरा वेगवेगळी कामे लागतात, असे त्याने दाखवले. तार ओढणे, सरळ करणे, कापणे, टोक काढणे, डोके बसवणे, आणि शेवटी कागदात टोचून ठेवणे हेसुद्धा. कामे वाटून घेतली तर दहा माणसे दिवसाला ४८ हजार टाचण्या करत. एकट्याने सगळे करायचे म्हटले तर दिवसाला वीसही होणे कठीण. टाचणी करणाऱ्याची कामे जगातल्या एवढ्या मोठ्या ग्रंथात मोजली गेली. आता अम्मीची मोजा. माप घेणे, कापड भिजवून आटवणे, आखणे, कापणे, टाचणे, शिवणे, काज करणे, बटण लावणे, इस्त्री करणे, उसवलेले पुन्हा बसवणे, शिलाईचे पैसे मागायला तीनदा जाणे. ही सगळी कामे एकटी बाई करते, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून. मग तिच्या रकान्यात 'काही नाही' कसे?

आपल्या दीनने हा हिशेब कधीच स्पष्ट केलेला आहे. सूरह अन-निसाच्या ३२व्या आयतीत पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही त्यांच्या कमाईत हक्क सांगितला आहे. घर चालवण्याची जबाबदारी पतीची. पत्नीची कमाई तिची. ती घरात लावते तेव्हा तो तिचा एहसान असतो, तिचे कर्तव्य नव्हे. उम्मुल मोमिनीन हजरत झैनब बिन्ते जहश (र.) स्वतःच्या हातांनी काम करत आणि त्यातून आलेले सदका करत. हजरत मुहंमद (स.) यांनी 'लांब हातांची' म्हणून ज्यांचा उल्लेख केला त्या याच, आणि ती लांबी हाताच्या मापाची नसून कष्टाची आणि दानाची होती, हे इतरांना नंतर उमगले. खुद्द हजरत मुहंमद (स.) घरात आपला फाटलेला कपडा शिवत आणि पादत्राण सांधत, हे हजरत आयेशा (र.) यांच्या रिवायतीतून आपल्याला माहीत आहे. ज्या उम्मतकडे सुईदोऱ्याचा असा वारसा आहे, तिच्यात शिवणाऱ्या बाईने मान खाली घालावी हे काही बरोबर नाही.

म्हणून या महिन्यात दोन कामे करू या. पहिले काम घराचे. शिवणाच्या डब्यात एक छोटी वही ठेवावी. टाचण वही म्हणा हवे तर. कुणाचा कपडा, शिलाई किती ठरली, दोरा-बटण-अस्तराला किती गेले, किती मिळाले, किती येणे आहे, एवढेच पाच रकाने. अम्मीला लिहायला वेळ नसेल तर सातवी-आठवीतल्या मुलाने किंवा मुलीने रोज रात्री विचारून लिहावे. त्यांच्या गणिताचाही सराव होईल. महिन्याच्या शेवटी बेरीज करून ती मोठ्याने वाचून दाखवावी, अब्बा घरी असताना. पुष्कळ घरांत त्या बेरजेने सगळ्यांनाच आश्चर्य वाटेल, अम्मीलाही. पुढच्या वेळी अर्जातला तो रकाना आला की त्यात 'शिवणकाम' असे स्वच्छ अक्षरात लिहावे.

दुसरे काम मुलांचे. आपल्या घरातला डबा उघडून त्यातल्या दहा वस्तूंची नावे लिहा. प्रत्येकीसमोर घरात, शेजारी आणि शाळेत तिला काय म्हणतात ते लिहा. गुजराती किंवा वारली बोलणारा मित्र असेल तर त्याच्या अम्मीला किंवा आईला विचारा. मग शोधा : इंग्रजीत 'बटण' या शब्दाचा मूळ अर्थ कळी कसा? 'टेलर' हा शब्द कापणे या अर्थावरून आला, मग दुकानांच्या पाटीवरचा 'रिटेल' त्याचा कोण लागतो? आणि अरबांनी त्याच माणसाला दोऱ्यावरून खय्यात म्हटले, तर उर्दूतला 'दर्जी' कशावरून? उत्तरे सापडली तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पिन कोड लिहायला विसरू नका.

पुढील महिन्यात शाळेच्या दप्तरातले शब्द पाहू. अल्लाह कष्ट करणाऱ्या प्रत्येक हाताला बरकत देवो. आमीन.